आधी उंची, मग चोच, रंग सगळ्यात शेवटी : कोस्टा रिकातले हमिंगबर्ड

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे फुलांभोवती भिरभिरणारा शिंजीर अगदी वेगळ्या कुळातला आहे. त्यामुळे हमिंगबर्ड बघायचे तर तिकडेच जायला हवं, आणि जायचं तर कोस्टा रिकाला, हे आमचं फार आधी ठरलं होतं. देश जेमतेम ५१ हजार चौरस किलोमीटरचा, पण त्यात हमिंगबर्डच्या सुमारे ५० जाती. दोन बाजूंना दोन समुद्र, मधे तीन हजार मीटरच्या वर जाणारी डोंगररांग. दर पाचशे मीटर चढलं की पक्षी बदलतात आणि डोंगर ओलांडला की पुन्हा बदलतात.

मार्चच्या सुरुवातीला दादा आणि मी निघालो. कॅमेरा माझ्याकडे, दुर्बीण आणि वही दादाकडे. प्रत्येक थांब्यावर तो ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, वेळ आणि पक्षी काय करत होता ते लिहायचा. आता घरी बसून फोटो लावताना माझं मत पक्कं झालं आहे की ओळख पटवण्यात त्या वहीचा वाटा कॅमेऱ्याइतकाच आहे. तो कसा, ते प्रवासाच्या ओघात सांगते.

पहिला दिवस : आलाह्वेला

विमानतळ राजधानी सान होसेचा म्हणून ओळखला जातो, पण आहे आलाह्वेला शहराजवळ. तिथेच एका घरगुती लॉजवर उतरलो. अंगणात पहिला पक्षी दिसला तो साधा मातकट तपकिरी रंगाचा. हा क्ले-कलर्ड थ्रश, स्थानिक नाव यिग्वीर्रो, १९७७ पासून कोस्टा रिकाचा राष्ट्रीय पक्षी. क्वेट्झल आणि मकाव यांसारखे भडक रंगांचे पक्षी असलेल्या देशाने याला निवडलं ते त्याच्या गाण्यासाठी. लॉजच्या मालकीणबाईंनी खुणा करून समजावलं की हा गाऊ लागला म्हणजे तो पावसाला हाक मारतोय. शेतकऱ्यांचा हा जुना समज आहे. पावसाळा अजून दूर होता, तरी एक नर पहाटेच सुरू झाला होता.

त्याच अंगणात फोटोवरून ओळखण्याचा पहिला धडा मिळाला. पिवळं पोट, डोक्यावर काळेपांढरे पट्टे, तारेवर बसलेला. या वर्णनात तीन पक्षी सहज बसतात : ग्रेट किस्काडी, बोट-बिल्ड फ्लायकॅचर आणि सोशल फ्लायकॅचर. समोरून काढलेल्या फोटोत पोटच दिसतं आणि पोट तिघांचंही सारखं. बाजूने घेतलेल्या फोटोत किस्काडीच्या पंखांवर आणि शेपटीवर तांबूस छटा दिसते. बोट-बिल्डची चोच जाडजूड, वरून कमानीसारखी वाकलेली. सोशल लहान असतो आणि चोच अगदी इवली. तेव्हापासून पक्षी बसला की समोरून एक, बाजूने एक आणि जमलंच तर पाठमोरा एक, असे फोटो घ्यायचे हा नियम झाला.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट : विमानातून उतरल्याबरोबर कॅमेऱ्याचं घड्याळ स्थानिक वेळेला लावा. कोस्टा रिका भारताच्या साडेअकरा तास मागे आहे. घड्याळ तसंच राहिलं तर फोटोंच्या तारखा बदलतात, वहीशी मेळ लागत नाही आणि ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना सकाळचा पक्षी रात्री दिसल्याची नोंद होते.

दुसरा दिवस : सेर्रो दे ला मुएर्ते

सान होसेहून दक्षिणेला इंटरअमेरिकन महामार्ग चढत जातो आणि ३,३०० मीटरच्या वर पोचतो. सेर्रो दे ला मुएर्ते म्हणजे मृत्यूचा डोंगर. रस्ता होण्याआधी पायी किंवा बैलगाडीने डोंगर ओलांडणारे लोक थंडीने गारठून मरायचे, त्यावरून हे नाव पडलं. मार्च महिना, उन्हाळी हंगाम, तरीही गाडीचं दार उघडताच वारा अंगात शिरला. धुकं येत होतं, जात होतं.

रस्त्याकडेच्या एका खाणावळीत आग्वा दुल्से मागवलं. गरम पाण्यात विरघळवलेला उसाचा गूळ, आपल्या गुळाच्या पाण्याचीच चव. मागच्या ओट्यावर फीडर, म्हणजे साखरपाण्याची भांडी, टांगले होते आणि त्यांच्याभोवती हिरवट काळ्या पक्ष्यांची झुंबड. दादा म्हणाला, "यात रंग कुठे आहेत?" बाजूने बघताना तो हिरवा हमिंगबर्ड होता आणि शेपटी निळी, एवढंच. मग एक पक्षी कठड्यावर माझ्या नजरेच्या खाली बसला, त्याने मान माझ्याकडे वळवली आणि कंठ पेटल्यासारखा झाला. मधे तांबडं-नारिंगी, कडेने पिवळसर, मग निळं, कपाळ गडद निळं. फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड. कोस्टा रिका आणि पश्चिम पनामाच्या उंच डोंगरांतच तो राहतो.

इथे जरा थांबते, कारण हमिंगबर्डच्या फोटोंची सगळी अडचण या एका पक्ष्यात दिसते. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या, आत हवेच्या पोकळ्या असलेल्या कणांचे थर असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण विशिष्ट कोनातच एकमेकांना बळ देतात आणि त्या कोनात रंग उजळतो. कोन जरा बदलला की तोच कंठ काळा किंवा मळकट हिरवा. एकाच सेकंदात घेतलेल्या ओळीने फोटोंत मला एकाच पक्ष्याचे काळा, शेंदरी आणि पिवळा असे तीन कंठ मिळाले. कोणी यातला फक्त काळ्या कंठाचा फोटो दाखवून नाव विचारलं, तर रंगावरून सांगणं शक्यच नाही. उंची मात्र मदतीला येते. तीन हजार मीटरच्या आसपास फीडरवर येणाऱ्या जाती मोजक्याच. त्यांतल्या फायरी-थ्रोटेडची चोच सरळ, मध्यम लांबीची, खालचा भाग बुडाशी गुलाबीसर आणि शेपटी निळी. उंची, चोच आणि शेपटी जुळली तर कंठ काळा दिसला तरी काही बिघडत नाही.

या पक्ष्याचा कंठ टिपायचा तर फीडरच्या खाली उभं राहून उपयोग नाही. थोडं उंचावरून, समोरून आणि सूर्य किंवा उजळ आकाश पाठीशी ठेवून बघायचं. फ्लॅश वापरला तर रंग भडक येतात, पण ते डोळ्यांनी दिसलेले रंग नसतात. ओळखीसाठी मी नैसर्गिक उजेडच पसंत करते. धुक्यातसुद्धा शटर १/२००० सेकंदाच्या खाली आणलं नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला. फोटो दाणेदार येतात, पण पिसं स्पष्ट दिसतात.

संध्याकाळी तीव्र उताराच्या वळणावळणाच्या रस्त्याने सान गेरार्दो दे दोताला उतरलो. सावेग्रे नदीकाठचं गाव, रात्री कडाक्याची थंडी, ताटात भाजलेला ट्राउट मासा आणि भात. स्वेटर, कानटोपी नक्की न्या. उष्ण कटिबंध म्हणून लोक फक्त पातळ कपडे भरतात आणि इथे कुडकुडतात.

तिसरा दिवस : सान गेरार्दो दे दोता

पहाटे अंधारात क्वेट्झलसाठी निघालो. इथे रानटी अवोकॅडोची झाडं, म्हणजे आग्वाकातिय्यो, शेतांच्या कडेला आहेत आणि क्वेट्झल त्यांच्या फळांवर जगतो. एका शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभं राहायला जागा दिली. त्याचा मुलगा रोज सकाळी कोणत्या झाडावर पक्षी आले ते बघून ठेवतो. या खोऱ्यात क्वेट्झलमुळे झाडं राखली जातात आणि शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात, हे मला फार आवडलं.

नर आला तेव्हा आधी शेपटासारखी लांब पिसं दिसली. ती शेपटी नव्हेच, शेपटीवरची आच्छादक पिसं असतात आणि ती अर्ध्या मीटरहून लांब वाढतात. खरी शेपटी त्यांच्या खाली, पांढरी. पोट लालभडक. नराबद्दल प्रश्नच नाही, पण दहा मिनिटांनी मादी आली आणि शेजारच्या परदेशी मंडळींनी कॅमेरे खाली ठेवले. मी तिचे भरपूर फोटो काढले. छाती राखाडी, लांब पिसं नाहीत, शेपटीच्या खालच्या बाजूला काळेपांढरे पट्टे. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक रंगीत पक्ष्यांच्या माद्यांचे फोटो कमी मिळतात आणि मग ओळखताना तुलनेला काही हाती नसतं.

नाश्त्याला गाय्यो पिंतो, म्हणजे काळ्या राजम्यात परतलेला भात, बरोबर अंडं आणि तळलेली केळी. लॉजच्या अंगणात ताटावर नजर आणि फीडरवर नजर अशी दोन्हीकडे धावपळ. सगळ्यात मोठा ताल्लामांका हमिंगबर्ड, लांब सरळ चोच, डोळ्यामागे पांढरा ठिपका. जुन्या फोटोंखाली याचं नाव मॅग्निफिसंट हमिंगबर्ड असं दिसेल. २०१७ साली त्या जातीच्या दोन जाती केल्या गेल्या आणि कोस्टा रिका-पनामातल्या पक्ष्याला हे नवं नाव मिळालं. त्याच्या शेजारी लेसर व्हायोलेटइअर, कानावरचं जांभळं पीस फुलवून भांडणारा. तोही २०१६ पर्यंत ग्रीन व्हायोलेटइअर नावाने मेक्सिकोच्या पक्ष्याबरोबर एकत्र धरला जायचा. म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या फोटोंशी तुलना करताना नावाबरोबर फोटो कुठला ते अवश्य बघा.

व्हाइट-थ्रोटेड माउंटन-जेमचा नर पांढऱ्या कंठामुळे लगेच कळतो. मादीची खालची बाजू दालचिनी रंगाची. आता गंमत अशी की उत्तरेकडच्या डोंगरांतल्या पर्पल-थ्रोटेड माउंटन-जेमची मादीही जवळजवळ अशीच दिसते. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर माझ्यासारखीला पिसांवरून वेगळ्या करता येणार नाहीत. वेगळं करतं ते ठिकाण, आणि ते दादाच्या वहीत लिहिलेलं होतं.

खरी कसोटी दुपारी लागली. अंगणाच्या टोकाला लाल फुलांच्या झुडपात अगदी चिमुकला हमिंगबर्ड. दोतात दोन चिमुकल्या जाती भेटतात : व्होल्केनो आणि सिंटिलंट. सिंटिलंट जेमतेम दोन ग्रॅमचा, जगातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी. तो साधारण मध्यम उंचीवर राहतो, व्होल्केनो त्याच्या वर, आणि या खोऱ्यात दोघांची सीमा एकमेकांत मिसळते. म्हणजे उंचीने अर्धंच काम होतं. नराचा कंठ दिसला तर सिंटिलंटचा नारिंगी-लाल. माद्यांसाठी शेपटीच्या मधल्या पिसांकडे बघायचं : सिंटिलंटची तांबूस, व्होल्केनोची हिरवट काळी. आणि मधली पिसं दिसतात फक्त पाठीमागून, तीही शेपटी पसरली तर. आमची मादी फुलातून बाहेर येताना क्षणभर शेपटी पंख्यासारखी उघडायची. मी डोळ्यांवर फोकस करायचा मोह सोडला, फुलाच्या मागे फोकस धरून बसले आणि दादा "आता!" म्हणायचा. शेवटी तांबूस मधली पिसं मिळाली. डोकं फुलात, चोच दिसत नाही, असा तो फोटो. भिंतीवर लावण्याजोगा नाही, पण सिंटिलंट मादीचा पक्का पुरावा.

त्याच झुडपावर स्लेटी फ्लॉवरपिअर्सर नावाचा राखाडी पक्षी येत होता. त्याच्या वरच्या चोचीला आकडा असतो. त्याने फूल धरून बुडाशी भोक पाडायचं आणि मकरंद चोरायचा. व्होल्केनोसारख्या आखूड चोचीच्या हमिंगबर्डना त्या भोकांचा फायदा होतो. फोटोत फुलाच्या बुडाशी भोक दिसलं तर या चोराची आठवण ठेवा.

चौथा दिवस : पारामो

जाताना पुन्हा वर, अँटेना असलेल्या माथ्यावर. झाडं संपतात, खुरटी झुडपं आणि गवत उरतं. याला पारामो म्हणतात. व्होल्केनो जंको जमिनीवर चालत आला, डोळा पिवळा, चोच गुलाबी, अजिबात न घाबरणारा. आणि व्होल्केनो हमिंगबर्डचा नर एका काटकीवर. याच्या कंठाचा रंग डोंगरागणिक बदलतो. पोआस आणि बार्वा ज्वालामुखींवर गुलाबी-लाल, इरासू आणि तुर्रियाल्बावर जांभळट, आणि इथे ताल्लामांका रांगेत मळकट करडा-जांभळा. जात एकच, उपजाती तीन. ठिकाण माहीत नसेल तर हा फोटो बघणारा गोंधळणारच.

उरलेला दिवस गाडीत गेला.

पाचवा दिवस : सिंचोना

बारा ब्लांकाहून साराप्पिकीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर सिंचोना. ८ जानेवारी २००९ ला ६.१ तीव्रतेच्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झालं आणि लोकांना दुसरीकडे वसवण्यात आलं. आज रस्त्याच्या कडेला पुन्हा सोडा आहे. सोडा म्हणजे छोटी घरगुती खाणावळ. मागे गॅलरी, गॅलरीखाली दरी, समोर सान फेर्नांदोचा धबधबा आणि कठड्यावर पक्ष्यांसाठी केळी-पपईच्या फोडी.

कॉफी येईपर्यंत एमराल्ड टूकॅनेट, प्रॉन्ग-बिल्ड बार्बेट आणि लाल डोक्याचा रेड-हेडेड बार्बेट हाताच्या अंतरावर येऊन गेले. कॉफी आणणाऱ्या आजी प्रत्येकाचं स्पॅनिश नाव सांगत होत्या आणि दादा ते वहीत उतरवत होता. त्या दोघांची भाषा एक नव्हती, पण गप्पा सगळ्यात जास्त त्यांच्याच रंगल्या.

हमिंगबर्डची इथे दाटी असते. व्हायोलेट सेबरविंग हा थोरला, देशातला आकाराने सर्वांत मोठ्यांपैकी, वाकडी चोच आणि शेपटीच्या कोपऱ्यांना पांढरं. कॉपरी-हेडेड एमराल्ड अगदी छोटा, आणि कोस्टा रिकाबाहेर कुठेच न सापडणारा. याच्या मादीचं पोट पांढरट, चोच किंचित वाकलेली, शेपटीच्या कडेची पिसं पांढरी आणि त्यांवर काळा पट्टा. ग्रीन थॉर्नटेलच्या मादीला कमरेवर पांढरा पट्टा आणि गालाखाली पांढरी रेघ. ग्रीन-क्राउन्ड ब्रिलियंटच्या मादीलाही गालाखाली पांढरी रेघ, पण ही मादी केवढी तरी मोठी आणि पोटावर हिरवे ठिपके.

पण फोटोत मोठी-लहान कळायची कशी? एकटा पक्षी चौकटभर असेल तर आकाराचा अंदाज येत नाही. म्हणून फीडरवर दोन जाती शेजारी बसल्या की तो फोटो जरूर घ्या, तोच पुढे मोजपट्टी होतो. फीडरचं प्लास्टिकचं फूल चौकटीत राहिलं तरी उपयोगी पडतं. सुंदर फोटोसाठी लोक फीडर कापून टाकतात. मी न कापलेली मूळ प्रत वेगळी ठेवते.

दोन फसव्या गोष्टी इथे दिसल्या. एका ब्रिलियंटचं कपाळ पिवळं होतं. तो परागकणांचा थर होता, फुलात डोकं घालून घालून बसलेला. अनोळखी पिवळी खूण कपाळावर किंवा चोचीच्या बुडाशी दिसली तर आधी परागांचा संशय घ्यावा. दुसरी, दाट झाडीखाली पांढऱ्या पोटावर पडणारी हिरवी छाया. व्हाइट-बेलिड माउंटन-जेमचं पोट माझ्या काही फोटोंत चक्क हिरवट आहे.

साराप्पिकीतले दिवस

पायथ्याशी उतरलो आणि हवा बदलली. घाम, पाऊस, पुन्हा घाम. कॅरिबियन उतारावर पाऊस हंगाम बघत नाही. कॅमेऱ्यासाठी पावसाळी आवरण आणि बॅगेत सिलिका जेल हवंच. थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तेव्हा निघण्याच्या अर्धा तास आधी तो व्हरांड्यात आणून ठेवा.

लॉजच्या आवारात हेलिकोनिया आणि स्टॅकिटारफेटा या फुलझाडांची रांग. रूफस-टेल्ड हमिंगबर्ड सगळ्यांना हाकलत होता, लाल चोच, टोक काळं. ब्रॉन्झ-टेल्ड प्लूमलिटीअर ओळखायचा पायांवरून : ते लालसर गुलाबी असतात. फोटोत पाय कापू नका, हे एवढ्यासाठी. लाँग-बिल्ड हर्मिट हेलिकोनियाच्या एका झाडाकडून दुसऱ्याकडे ठरावीक वाटेने जायचा. त्याच्या मागे न धावता फुलासमोर थांबलं की तो परत येतो. मातकट रंग, लांब वाकडी चोच, शेपटीतून निघालेली दोन लांब पांढरी टोकं. हर्मिट गटातल्या हमिंगबर्डना कंठाची चकाकी नाही, म्हणून मला ते ओळखायला सोपे वाटतात.

व्हाइट-नेक्ड जॅकोबिनने मात्र विचारात पाडलं. निळं डोकं, पांढरं पोट, मानेवर पांढरी पट्टी असा नर. पनामातल्या संशोधनाने दाखवलं आहे की प्रौढ माद्यांपैकी सुमारे २० टक्के माद्या नरासारख्याच रंगाच्या असतात, आणि सगळी लहान पिल्लं नरासारखी दिसतात. नरासारख्या दिसणाऱ्या माद्यांना फीडरवर कमी त्रास होतो आणि जास्त खायला मिळतं. म्हणजे फोटोवरून जात सांगता येते, पण "नर" लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. माझ्या फोटोंखाली मी "नराच्या रंगातला" असं लिहिलं आहे.

ला सेल्वा संशोधन केंद्रात एक अख्खी सकाळ घालवली. लेस्ली होल्ड्रिज यांनी १९५४ साली इथे शेत वसवलं आणि १९६८ मध्ये ते उष्ण कटिबंधीय अभ्यास संघटनेने घेतलं. जंगलात गाइडबरोबर जावं लागतं, आणि तेच बरं. आमचा गाइड आधी ऐकायचा, मग बघायचा. नदीवरच्या झुलत्या पुलावर उभं असताना समोरच्या झाडावर प्रचंड चोचीचे दोन टूकन, ढगाळ पांढऱ्या आकाशासमोर नुसत्या काळ्या आकृत्या. किल-बिल्ड की यलो-थ्रोटेड? तो म्हणाला, ऐका. बेडकासारखा करकर आवाज म्हणजे किल-बिल्ड. दुसऱ्याची हाक मोठी, इथल्या लोकांना ती "दिओस ते दे" अशी ऐकू येते. मी कॅमेऱ्यावर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला. चित्र काळं, पण आवाजाने ओळख पक्की.

व्हिडिओचा उपयोग पोपटांसाठीही होतो. संध्याकाळी थवे उंचावरून जातात, फोटोत सगळे हिरवट काळे. अ‍ॅमेझॉन पोपटांची पंखांची हालचाल उथळ, शरीराच्या पातळीखालीच. व्हाइट-क्राउन्ड पॅरट मात्र पंख खोल मारतो. थांबलेल्या चित्रात हे कळणार नाही.

निघण्याच्या आदल्या दुपारी आल्मेंद्रोच्या प्रचंड झाडावर ग्रेट ग्रीन मकावची जोडी बसली होती. हा पक्षी खातो या झाडाची फळं आणि घरटंही याच्याच ढोलीत करतो. २०२० मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आलं. गाइडने दुर्बीण दादाच्या हातात देऊन स्वतः बराच वेळ नुसत्या डोळ्यांनी बघितलं. लहानपणी हे झाड गावाजवळ खूप होतं, असं तो म्हणाला.

लॉजवर पाठीवर लाल डाग असलेला काळा टॅनेजर रोज फळं खायला यायचा. स्कार्लेट-रम्प्ड टॅनेजर, कॅरिबियन बाजूचा पासेरिनी प्रकार. मादी ऑलिव्ह-पिवळसर. तिचे फोटो पुढे लागणार, म्हणून मुद्दाम घेतले.

पॅसिफिक किनारा : तार्कोलेस आणि कारारा

देश आडवा ओलांडून दुसऱ्या समुद्राकडे. हवा कोरडी, झाडं निष्पर्ण, तार्कोलेसच्या पुलाखाली मगरी पहुडलेल्या. लाल स्कार्लेट मकावच्या जोड्या डोक्यावरून ओरडत गेल्या.

कारारा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला पुन्हा तोच काळा-लाल टॅनेजर. नर हुबेहूब साराप्पिकीतला. मादी बाहेर आली आणि तिच्या छातीवर नारिंगी पट्टा. हा चेरी प्रकार, पॅसिफिक बाजूचा. एकेकाळी दोन जाती मानत, २०१८ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रीय सोसायटीने पुन्हा एक केल्या. दोन्ही नरांचे फोटो मी शेजारी लावले आणि दादाला विचारलं, कुठला कुठला? त्याने वही उघडली.

काराऱ्यात ट्रोगन, म्हणजे क्वेट्झलच्या कुळातले पक्षीही खूप. पिवळ्या पोटाचे तीन इथे भेटतात आणि फोटोत डोळ्याभोवतीचं कडं बघायचं : ब्लॅक-हेडेडचं फिकट निळं, गार्टर्डच्या नराचं पिवळं. ब्लॅक-थ्रोटेडच्या नराचं डोकं हिरवं, कंठ काळा. शेपटीची खालची बाजूही घ्या. ट्रोगन बराच वेळ एका जागी बसतो, त्यामुळे हळूहळू फेरी मारून सगळ्या बाजू मिळतात. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा आणि उद्यान उघडताच आत शिरा, नऊनंतर उकाडा सहन होत नाही.

शेवटचा दिवस : तिवरांत

सकाळी होडीने तिवरांच्या जंगलात. मॅन्ग्रोव्ह हमिंगबर्डसाठी. तो फक्त कोस्टा रिकाच्या पॅसिफिक तिवरांत राहतो आणि त्याचं अस्तित्व धोक्यात आहे. तिवरं तोडली की त्याला दुसरं घर नाही. नावाडी इंजिन बंद करून वल्ह्याने फांद्यांखाली घेऊन गेला. पाऊण तास काही नाही, मग फुलांजवळ एक हिरवी हालचाल, पोट पांढरं, दोन-तीन सेकंद, गेली.

होडी हलत होती, उजेड ठिपक्याठिपक्यांचा. जे फोटो आले त्यांतला एकही नीट नाही. तरी सगळे ठेवले. रात्री खोलीत बसून एकेक शक्यता बाद केली. फोटोवरून पक्षी सुचवणाऱ्या मर्लिन अ‍ॅपला ठिकाण आणि तारीख देऊन फोटो दाखवला, त्याने तीन नावं सुचवली. अ‍ॅपचं पहिलं नाव उत्तर म्हणून घेऊ नये, यादी म्हणून घ्यावं. शेपटी तांबूस नाही, म्हणजे रूफस-टेल्डही नाही आणि सिनॅमनही नाही. पोट पांढरं, बाजूंना हिरवे ठिपके, खालची चोच लालसर. वहीत लिहिलेलं : तिवरांच्या आत, पाण्यावर, फुलावर.

ई-बर्डवर नोंद केली तेव्हा तिथल्या स्थानिक परीक्षकाने विचारलं, शेपटीचा फोटो आहे का? होता. पाठमोरा, हललेला, अर्धा पक्षी पानाआड, पण शेपटी तांबूस नाही हे स्पष्ट दिसणारा. तो पाठवल्यावर नोंद मान्य झाली.

दोतातल्या आणखी एका चिमुकल्या मादीचे फोटो मात्र अजून सुटलेले नाहीत. चेहरा काचेसारखा स्पष्ट, पण शेपटी एकाही फोटोत उघडलेली नाही, आणि उंची दोघांच्या सीमेवरची. ती नोंद "सेलॅस्फोरस वंश, जात अनिश्चित" म्हणून ठेवली आहे; व्होल्केनो आणि सिंटिलंट दोघेही याच वंशातले.